नातोरी शुन्सेन : एका चेहऱ्यातील दोन माणसे

नटाचे चित्र काढायचे म्हणजे नेमके कोणाचे? त्या नटाचे, की त्याने धारण केलेल्या भूमिकेचे? जपानी चित्रकार नातोरी शुन्सेन यांनी या प्रश्नाचा शोध अनेक दशके घेतला.

त्यांचा जन्म १८८६ साली यामानाशी प्रांतात झाला. बालपणीच ते टोकियोला आले आणि कुबोता बेइसेन यांच्याकडे चित्रकला शिकले. पुढे त्यांनी 'आसाही' वृत्तपत्रासाठी चित्रे काढली. नात्सुमे सोसेकी यांच्या क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबऱ्यांनाही त्यांच्या चित्रांची जोड मिळाली.

काबुकी नटांची लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे ही जपानची जुनी परंपरा. छायाचित्रांच्या प्रसारामुळे ती मागे पडली होती. प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांनी तिला नवसंजीवनी दिली. त्यांच्यासाठी शुन्सेन यांनी १९१६ साली कामिया जिहेई या कागदविक्याच्या भूमिकेतील नट नाकामुरा गान्जिरो यांचे चित्र केले. १९२५ ते १९२९ या काळात त्यांची ३६ नटचित्रांची मालिका प्रसिद्ध झाली.

अशा चित्रांना जपानीत 'निगाओए' म्हणतात. 'नि' म्हणजे साम्य असणे, 'काओ' म्हणजे चेहरा आणि 'ए' म्हणजे चित्र; समासात 'का'चा 'गा' होतो, हे आपल्या लक्षात आले असेल. मात्र शुन्सेन केवळ साम्यावर थांबले नाहीत. रंगभूषेखालील नटाचे नाक, जबडा, वय ओळखू येते आणि त्याच डोळ्यांत भूमिकेची व्यथाही दिसते. शिवाय हे श्रेय एकट्याचे नव्हे: रेषा चित्रकाराची, ठसा कोरणाऱ्याचा, छपाई तिसऱ्याची.

१९५८ साली त्यांची तरुण कन्या न्यूमोनियाने वारली. १९६० साली शुन्सेन व त्यांच्या पत्नीने तिच्या समाधीपाशी आपले जीवन संपवले.

चिकामात्सु यांच्या नाटकातील जिहेईदेखील प्रेयसीसह मृत्यू पत्करतो. या दोन घटनांची सांगड घालण्याचा मोह चरित्रकाराला होऊ शकतो. तो आवरावा. त्या चित्रात आणि त्या मृत्यूत ४४ वर्षांचे अंतर आहे. मधली वर्षे कामाची, संसाराची आणि शेवटी असह्य दुःखाची होती. नट आणि भूमिका यांना शुन्सेन यांनी एका चेहऱ्यात आणले, पण एकाला दुसऱ्यात हरवू दिले नाही. त्यांचे चरित्र वाचताना आपणही हाच विवेक पाळावा.