लूसीबाई वॉकर

स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा मी मुद्दाम लूसी वॉकर हे नाव घेतले. हिमशिखरे चढणाऱ्या ह्या बाई आपल्याकडे फारशा कुणाला ठाऊक नाहीत.

त्यांचा जन्म १८३६ सालचा. इंग्लंडातील लिव्हरपूल येथे त्या वाढल्या. लग्न केले नाही. संधिवातासाठी डॉक्टरांनी चालण्याचा व्यायाम सांगितला, म्हणून १८५८ साली त्या आल्प्स पर्वतात चालू लागल्या. दुखण्यापायी लागलेले हे वेड पुढे वीस वर्षे टिकले!

स्वित्झर्लंडमध्ये कांडरश्टेगहून लोयकरबाडला जाणारी गेम्मी नावाची जुनी खिंड आहे. तिच्या ईशान्येस बाल्महॉर्न हे सुमारे ३,७०० मीटर उंचीचे शिखर. १८६४ च्या जुलैपर्यंत त्यावर कुणाचेच पाऊल पडले नव्हते. वडील फ्रँक, भाऊ होरेस आणि याकोब व मेल्खिओर आंडरेग हे वाटाडे ह्यांच्यासह लूसीबाई त्यावर पोहोचल्या. ऊन चढले की बर्फ भुसभुशीत होते, त्यामुळे असल्या चढाईला पहाटेपूर्वीच निघावे लागते. त्यात पायघोळ घागरा! काष्टा घालून गड चढणाऱ्या आपल्या बायका त्या मानाने सुखी म्हणायच्या. बरोबर फराळाला केक आणि शँपेन असे. ह्या फराळाची शिफारस मात्र मी करणार नाही.

मॅटरहॉर्न चढणारी पहिली स्त्री म्हणून १८७१ साली त्यांचा गाजावाजा झाला. मेटा ब्रेव्हूर्ट ह्या अमेरिकन बाई त्याच बेतात आहेत असे कळताच त्या तातडीने निघाल्या होत्या. मला स्वतःला बाल्महॉर्नच अधिक मोलाचे वाटते. तिथे चढाओढ नव्हती, आणि पुढे गेलेल्या कुणाची वाटही नव्हती.

लंडनचा आल्पाइन क्लब १८५७ सालचा. त्यात स्त्रियांना प्रवेश नव्हता. बाल्महॉर्नवर बहिणीबरोबर उभा राहिलेला होरेस १८९१ साली त्याचा अध्यक्ष झाला. लूसीबाईंना साधे सभासदही होता आले नाही. ही बंदी उठायला १९७० नंतरचा काळ उजाडावा लागला.

मग १९०७ साली स्त्रियांनी आपला निराळा क्लब काढला. लूसीबाई त्यात सामील झाल्या. १९१३ साली, पंच्याहत्तरी उलटल्यावर, त्या त्याच्या अध्यक्षा झाल्या, आणि १९१५ पर्यंत ते काम त्यांनी सांभाळले. १९१६ साली त्या वारल्या.