कॅथरीन ब्लॉजेट

कॅथरीन बर ब्लॉजेट (१० जानेवारी, १८९८ – १२ ऑक्टोबर, १९७९) या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ व संशोधक होत्या. पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणारा एका रेणूइतक्या जाडीचा थर घन पदार्थावर उतरवून घेण्याची आणि असे थर मोजून एकावर एक रचण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. अशा थरांना लँगम्यूर-ब्लॉजेट पटले म्हणतात. परावर्तनरहित काच हा त्यांचा सर्वाधिक गाजलेला शोध होय. तथापि अब्जांश तंत्रज्ञानाच्या (नॅनो तंत्रज्ञानाच्या) दृष्टीने पाहता त्या काचेपेक्षा ती तयार करण्याची पद्धतच अधिक मोलाची ठरली. बहुवारिकांची (पॉलिमरची) अतिशय पातळ पटले तयार करण्यासाठी ती आजही वापरली जाते.

== जन्म व बालपण ==

ब्लॉजेट यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी या शहरात झाला. त्यांचे वडील जॉर्ज ब्लॉजेट हे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या पेटंट विभागाचे प्रमुख होते. कॅथरीन यांच्या जन्माच्या काही आठवडे आधी घरात शिरलेल्या चोराने त्यांच्यावर गोळी झाडली व त्यात त्यांचा मृत्यू झाला. आई कॅथरीन बर यांनी कन्येच्या जन्मानंतर थोरल्या मुलासह न्यूयॉर्क शहरात मुक्काम हलविला आणि १९०१ मध्ये दोन्ही मुलांना घेऊन त्या फ्रान्सला गेल्या. मुलांना एकाहून अधिक भाषा याव्यात, असा त्यांचा कटाक्ष होता. कुटुंब अमेरिकेत परतल्यावर कॅथरीन यांचे शालेय शिक्षण न्यूयॉर्कमधील रेसन शाळेत झाले.

== शिक्षण ==

वयाच्या पंधराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून ब्लॉजेट यांनी पेनसिल्व्हेनियातील ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे गणिताच्या प्राध्यापिका शार्लट अँगस स्कॉट व भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बार्न्स यांच्या अध्यापनाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. १९१७ मध्ये त्या पदवीधर झाल्या.

पदवीपूर्वीच्या नाताळच्या सुटीत त्यांनी स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेला भेट दिली. वडिलांचे जुने सहकारी तेथे होते. त्या भेटीत रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी त्यांना प्रयोगशाळा दाखविली आणि येथे काम करावयाचे असल्यास आधी पुढील शिक्षण घ्यावे, असा सल्ला दिला. त्यानुसार त्यांनी शिकागो विद्यापीठातून १९१८ मध्ये पदव्युत्तर पदवी संपादन केली. पहिले महायुद्ध चालू असल्याने त्यांच्या प्रबंधाचा विषयही युद्धाशी निगडित होता. विषारी वायूंपासून संरक्षण करणाऱ्या मुखवट्यातील कोळसा वायू कसे शोषून धरतो, याचा त्यांनी अभ्यास केला. घन पदार्थाच्या पृष्ठभागावर रेणू कसे चिकटतात, हा प्रश्न पुढे त्यांच्या सर्व कार्याच्या मुळाशी राहिला.

त्याच वर्षी त्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या. तेथे नियुक्त झालेल्या त्या पहिल्या स्त्री शास्त्रज्ञ होत. १९२४ मध्ये त्या केंब्रिज विद्यापीठाच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत अर्नेस्ट रदरफर्ड यांच्याकडे संशोधनासाठी गेल्या. आयनीभूत पाऱ्याच्या बाष्पातील इलेक्ट्रॉनांच्या वर्तनावर प्रबंध लिहून त्यांनी १९२६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. केंब्रिजमधून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्या काळी हे विद्यापीठ स्त्रियांना पदवीचे नाव देई, परंतु पूर्ण सभासदत्वाचे हक्क देत नसे. ते हक्क तेथील स्त्रियांना १९४८ मध्ये मिळाले.

== पार्श्वभूमी ==

पाण्यावरील तेलकट थरांचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे राहणाऱ्या ॲग्नेस पोकेल्स यांनी विद्यापीठीय शिक्षण नसतानाही घरीच एक पत्र्याची द्रोणी तयार केली. पाण्याच्या पृष्ठभागावर सरकणाऱ्या पट्टीने थर आकुंचित करून त्या पृष्ठताण मोजत असत. त्यांचे पत्र लॉर्ड रॅले यांच्या शिफारशीने १८९१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

लँगम्यूर यांनी १९१७ मध्ये या थरांची रचना स्पष्ट केली. स्टिअरिक अम्लासारख्या मेदाम्लाच्या रेणूला एक जलस्नेही टोक आणि कार्बन अणूंची एक लांब जलविरोधी साखळी असते. पाण्यावर पसरल्यावर हे रेणू जलस्नेही टोक पाण्यात व साखळी हवेत ठेवून दाटीवाटीने उभे राहतात. त्यामुळे थराची जाडी बरोबर एका रेणूच्या लांबीइतकी असते. पृष्ठरसायनशास्त्रातील कार्याबद्दल लँगम्यूर यांना १९३२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

== थर रचण्याची पद्धत ==

पाण्यावरील थर काचेवर उतरविता येतो, ही गोष्ट लँगम्यूर व ब्लॉजेट यांना आधीपासून माहीत होती. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे थर हवे तितके व मोजून रचणे मात्र शक्य झाले नव्हते. ब्लॉजेट यांनी १९३४ व १९३५ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ही पद्धत मांडली.

या प्रयोगाचे साहित्य साधे होते. एका पसरट द्रोणीत स्वच्छ पाणी घेऊन त्यात बेरियमचा क्षार अल्प प्रमाणात मिसळला जाई. पाण्यावर स्टिअरिक अम्ल पसरले की त्याच्या जलस्नेही टोकांशी बेरियमचा संयोग होऊन बेरियम स्टिअरेटचा घट्ट थर तयार होई. थराच्या एका बाजूस मेण लावलेला रेशमी दोरा पाण्यावर तरंगत ठेवीत आणि दोऱ्याच्या पलीकडे ओलेइक अम्ल किंवा एरंडेल यांसारख्या तेलाचे थेंब सोडीत. पसरू पाहणारे तेल दोऱ्याला सतत सारख्या दाबाने ढकलत राही. त्यामुळे थरातील काही भाग काचेवर गेला तरी उरलेला थर सैल पडत नसे. दोरा जेवढा पुढे सरके तेवढ्या क्षेत्रफळाचा थर काचेवर गेला, हेही त्यावरून समजत असे.

यानंतर काचेची पट्टी पाण्यात खालीवर केली जाई. स्वच्छ काच पाण्यातून वर काढताना पहिला थर तिला चिकटतो. त्याची जलस्नेही टोके काचेकडे व साखळ्या बाहेर असतात. पट्टी पुन्हा खाली नेली की पाण्यावरील थराच्या साखळ्या पट्टीवरील साखळ्यांना भिडतात आणि दुसरा थर उलटा बसतो. पुढच्या वेळी वर येताना जलस्नेही टोकाला जलस्नेही टोक मिळते व तिसरा थर बसतो. अशा रीतीने प्रत्येक फेरीत एकेक थर वाढतो. बेरियम स्टिअरेटच्या एका थराची जाडी सुमारे २.४ नॅनोमीटर असते. त्यामुळे फेऱ्या मोजल्या की पटलाची एकूण जाडी कळते. इतक्या सूक्ष्म प्रमाणात जाडी ठरवून पदार्थ घडविण्याचे इतके सोपे साधन तोपर्यंत उपलब्ध नव्हते.

=== रंगमापक ===

साबणाच्या फुग्यावर दिसणारे रंग त्याच्या पापुद्र्याच्या जाडीनुसार बदलतात. रचलेल्या पटलांवरही तसेच रंग दिसतात, हे ब्लॉजेट यांनी हेरले. त्यांनी एकाच काचपट्टीवर पायऱ्यांप्रमाणे वाढत्या संख्येचे थर चढविले. प्रत्येक पायरीचा रंग वेगळा आणि तिची जाडी ज्ञात असे. कोणत्याही अज्ञात पातळ पटलाचा रंग या पट्टीशी ताडून पाहिला की त्याची जाडी ठरविता येई. अवघड उपकरणाऐवजी नुसत्या डोळ्यांनी अब्जांश मीटरच्या पातळीवरील मोजमाप करण्याची ही युक्ती होती.

== परावर्तनरहित काच ==

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. अनेक भिंगे असलेल्या दुर्बिणीत किंवा कॅमेऱ्यात ही हानी बरीच वाढते. काचेवर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश जाडीचे पटल असल्यास पटलाच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना छेद देतात आणि परावर्तन नाहीसे होते. परंतु दोन्ही लहरी समान तीव्रतेच्या असाव्या लागतात. त्यासाठी पटलाचा अपवर्तनांक काचेच्या अपवर्तनांकाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १.२२ असावा लागतो. मेदाम्लांच्या पटलांचा अपवर्तनांक जवळपास काचेइतकाच असतो, ही खरी अडचण होती.

ब्लॉजेट यांनी ती कौशल्याने सोडविली. क्षार व मुक्त अम्ल यांचे मिश्र पटल रचून त्यांनी ते विद्रावकात बुडविले. मुक्त अम्ल विरघळून गेले आणि क्षाराचा सच्छिद्र सांगाडा तेवढा मूळ जाडीसह उरला. छिद्रांत हवा भरल्यामुळे अपवर्तनांक खाली आला. किती अम्ल काढून टाकावयाचे, यावर अपवर्तनांक हवा तसा ठरविता येऊ लागला. एकूण ४४ थरांचे पटल दिलेली काच सुमारे ९९ टक्के प्रकाश आरपार जाऊ देत असे. डिसेंबर १९३८ मध्ये हा शोध जाहीर झाला तेव्हा वृत्तपत्रांनी तिला अदृश्य काच असे नाव दिले. या पटलरचनेचे अमेरिकन पेटंट ब्लॉजेट यांच्या नावे १९४० मध्ये मंजूर झाले.

या शोधाला मर्यादाही होत्या. मेदाम्लाचे पटल मऊ असल्याने पुसताना निघून जाई. ब्लॉजेट यांच्या घोषणेनंतर दोनच दिवसांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील हॉली कार्टराइट व आर्थर टर्नर यांनी निर्वात पात्रात धातूंच्या फ्लोराइडांचे बाष्पीभवन करून तयार केलेली परावर्तनरहित काच जाहीर केली. जर्मनीत त्साइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पद्धतीचे पेटंट १९३५ मध्येच घेतले होते. ही पटले टिकाऊ असल्याने उद्योगात तीच रूढ झाली. आज चष्म्यावर व कॅमेऱ्याच्या भिंगावर असणारे लेप या दुसऱ्या परंपरेतील आहेत. ब्लॉजेट यांच्या पटलांचा वापर त्यांत होत नाही.

== युद्धकाळ व नंतरचे कार्य ==

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानाच्या पंखांवर साचणारा बर्फ दूर करणे, सैन्याच्या हालचाली झाकणारे धूम्रपट निर्माण करणे अशा प्रश्नांवर प्रयोगशाळेत काम चालू होते. त्यात ब्लॉजेट यांचा सहभाग होता. युद्धानंतर त्यांनी वातावरणाच्या वरच्या थरांतील आर्द्रता मोजण्याच्या उपकरणावर संशोधन केले. १९६३ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या नावे आठ अमेरिकन पेटंट होती.

त्या अविवाहित होत्या. बागकाम, खगोलनिरीक्षण व हौशी रंगभूमी यांची त्यांना आवड होती. आयुष्याचा बहुतेक काळ त्या आपल्या जन्मगावीच राहिल्या व तेथेच त्यांचे निधन झाले.

== श्रेयाचा प्रश्न ==

ब्लॉजेट यांचा उल्लेख पुष्कळ ठिकाणी लँगम्यूर यांच्या सहायिका असा होतो. लँगम्यूर यांना या पटलांसाठीच नोबेल पारितोषिक मिळाले, असाही समज आढळतो. कालक्रम पाहिल्यास तो टिकत नाही. पारितोषिक १९३२ चे आहे आणि थर रचण्याची पद्धत त्यानंतर प्रसिद्ध झाली. १९३५ च्या निबंधाच्या लेखिका एकट्या ब्लॉजेट आहेत, तसेच त्यांच्या बहुतेक पेटंटांवर त्यांचे एकटीचे नाव आहे. पाण्यावरील थराचे स्वरूप उलगडण्याचे श्रेय लँगम्यूर यांचे व त्या थरांची रचना करण्याचे श्रेय ब्लॉजेट यांचे, अशी विभागणी वस्तुस्थितीला धरून आहे. शास्त्रीय परिभाषेतही पाण्यावर तरंगणाऱ्या थराला लँगम्यूर पटल आणि घन पृष्ठावर उतरविलेल्या थराला लँगम्यूर-ब्लॉजेट पटल म्हणतात.

== अब्जांश तंत्रज्ञानातील वारसा ==

काही दशके ही पद्धत मागे पडली होती. १९६० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ हान्स कून यांनी रंगद्रव्यांचे रेणू अशा थरांत बसवून, त्यांमधील अंतर ठरावीक ठेवून एका रेणूकडून दुसऱ्याकडे होणारे ऊर्जावहन अभ्यासले. तेव्हापासून या पद्धतीकडे संशोधकांचे पुन्हा लक्ष गेले. या विषयावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९८२ मध्ये इंग्लंडमधील डरॅम येथे भरली.

मेदाम्लांच्या पटलांचा ठिसूळपणा दूर करण्यासाठी बहुवारिकांचा उपयोग करण्यात आला. त्यासाठी प्रामुख्याने दोन मार्ग अवलंबिले गेले. पहिल्या मार्गात लहान रेणूंचे थर रचून नंतर अतिनील किरणांनी त्यांना परस्परांशी जोडतात. पॉलिडायॲसिटिलीनची पटले अशी तयार होतात. दुसऱ्या मार्गात तयार बहुवारिकच पाण्यावर पसरून थेट उतरवून घेतात. पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइडच्या सहबहुवारिकाची केवळ दोन थरांची, सुमारे १ नॅनोमीटर जाडीची पटले या मार्गाने तयार करण्यात आली. विद्युत ध्रुवीकरण टिकवून धरण्याचा त्यांचा गुणधर्म इतक्या कमी जाडीतही शाबूत राहतो, असे १९९८ मध्ये दाखविण्यात आले. पदार्थ किती पातळ केला तरी त्याचा गुणधर्म टिकतो, हा मूलभूत प्रश्न थर मोजून रचता आल्यामुळेच प्रयोगाने तपासता आला.

संवेदके, जैविक पटलांच्या प्रतिकृती, सेंद्रिय इलेक्ट्रॉनिकी आणि अब्जांश कणांची एकपदरी मांडणी या क्षेत्रांतील संशोधनात ही पद्धत वापरली जाते. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था येथेही अशा पटलांवर संशोधन झाले आहे. ही पद्धत संथ आहे आणि मोठ्या क्षेत्रफळावर निर्दोष पटल मिळविणे कठीण असते. म्हणून कारखान्यापेक्षा प्रयोगशाळेतच तिचा वापर अधिक आढळतो. गेरो डेखर यांनी १९९० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत विरुद्ध विद्युतभाराच्या बहुवारिकांच्या द्रावणांत पट्टी आळीपाळीने बुडवून थर चढवितात. त्यात द्रोणीची गरज नसते. मात्र पट्टी बुडवावी, काढावी आणि फेऱ्या मोजाव्यात, हे सूत्र त्यातही कायम आहे.

== पुरस्कार व सन्मान ==

* १९५१ – अमेरिकन केमिकल सोसायटीचे फ्रान्सिस गार्व्हन पदक
* १३ जून, १९५१ – स्केनेक्टडी शहरातर्फे कॅथरीन ब्लॉजेट दिन साजरा
* १९७२ – फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिकेचे प्रोग्रेस पदक
* २००७ – अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये मरणोत्तर समावेश
* एल्मायरा, ब्राउन व रसेल सेज यांसह काही शिक्षणसंस्थांच्या मानद पदव्या