पंडिता रमाबाई : मूल सांभाळून शिकलेली माता

आपल्या केज परिसरातील मुली हल्ली जिद्दीने शिकू लागल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु लग्न झाले, मांडीवर मूल आले, की त्यांची पुस्तके माळ्यावर जातात. बी.एड्. अगर नर्सिंगचा अभ्यासक्रम अर्ध्यावर राहतो. मुलाकडे बघावे की अभ्यासाकडे, असा प्रश्न घरची वडीलधारी मंडळी विचारतात. हा प्रश्न खोटा नाही. म्हणूनच ज्या स्त्रीपुढे तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फार कठीण रूपात उभा राहिला, तिचे चरित्र मी आज आपणापुढे ठेवीत आहे. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत विद्वान. स्त्रियांनी विद्या शिकू नये, असे मानण्याच्या त्या काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले. पुढे आईने तीच विद्या मुलीस दिली. म्हणजे मुलांना वाढवता वाढवता शिकणे व शिकविणे हे रमाबाईंनी आपल्या घरातच पाहिले होते.

हे कुटुंब तीर्थयात्रा करीत देशभर फिरे. दुष्काळात १८७४ साली आईवडील वारले. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली बंधूही गेले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा ही मुलगी झाली. ती वर्षाचीही झाली नव्हती, तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीस पटकीने गाठले. आता विचार करा : वय अवघे तेवीस, वैधव्य, कडेवर तान्ही मुलगी, आणि माहेर असे उरलेलेच नाही.

त्या पुण्यास आल्या. ‘आर्य महिला समाज’ स्थापन केला. शिक्षणाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे १८८२ साली त्यांनी साक्ष दिली आणि या देशात स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर तयार झाल्या पाहिजेत, असे आग्रहाने मांडले. मात्र केवळ सांगून त्या थांबल्या नाहीत. आपणच डॉक्टर व्हावे, असे त्यांनी ठरविले. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, त्याच्या विक्रीतून प्रवासखर्चाची सोय केली, आणि १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेला बरोबर घेऊन त्या बोटीने इंग्लंडला गेल्या.

तेथे वॉण्टेज या गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. पुण्यास काम करणार असलेल्या भगिनींना त्या मराठी शिकवीत व त्याबदली स्वतः इंग्रजी शिकत. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. वाचकहो, तो वाद उकरण्यासाठी हा लेख नाही. आपला दीन आपल्यापाशी आहे. चांगली गोष्ट कोणाकडूनही घ्यावी, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे.

डॉक्टर होण्याचे स्वप्न मात्र पुरे झाले नाही. त्यांचे कान अधू होते. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीय शिक्षण घेणे शक्य नव्हते. रमाबाई निराश होऊन परतल्या नाहीत. त्यांनी शिक्षिकेचा मार्ग धरला. १८८४ पासून त्या चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवीत आणि स्वतः गणित, विज्ञान व इंग्रजीचा अभ्यास करीत. छोट्या मनोरमेला अनेकदा वॉण्टेजच्या भगिनींपाशी ठेवावे लागे. पण मूल दुसऱ्यांच्या हाती दिले म्हणून आईचा हक्क त्यांनी सोडला नाही. मुलीला काय शिकवावे, कसे वाढवावे, यावरून भगिनींशी त्यांचे मतभेद झाले, तेव्हा तो निर्णय आईचाच, हे त्यांनी पत्रांतून ठामपणे कळविले. उपकाराखाली दबून त्या गप्प बसल्या नाहीत.

मार्च १८८६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियास डॉ. आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीय पदवी मिळाली. त्या समारंभास रमाबाई मनोरमेसह गेल्या. तेथे त्यांना बालशिक्षणाची नवी पद्धत दिसली. फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने काढलेली ही किंडरगार्टन पद्धत. खेळ, गाणी व हातकाम यांतून लहान मूल शिकते, हे तिचे सूत्र. ती शिकण्यासाठी रमाबाई तेथेच राहिल्या आणि जेमतेम पाच वर्षांच्या मनोरमेला त्यांनी इंग्लंडला परत पाठविले. दुसऱ्यांच्या मुलांना कसे शिकवावे हे शिकताना स्वतःचे मूल समुद्रापलीकडे होते. हा विरह सोपा नव्हता आणि तो सोपा होता असे भासवून मी तुमची फसवणूक करणार नाही. शिक्षणाची ही किंमत त्या मायलेकी दोघींनीही मोजली.

फळ काय मिळाले ते पाहा. भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस त्यांनी ‘शारदा सदन’ काढले. पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई या तेथीलच विद्यार्थिनी. नंतर दुष्काळात होरपळलेल्या शेकडो मुली व स्त्रियांना पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांच्या ‘मुक्ति सदना’त आसरा मिळाला. आणि ती मनोरमा? आईच्या अभ्यासापायी तिचे नुकसान झाले काय? ती मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाली, शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली, आईचा उजवा हात बनली. आपल्या बीडप्रमाणेच तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्ग्यास हायस्कूल काढण्यातही तिचा वाटा होता. १९२१ साली मनोरमा वारली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

पालकहो, रमाबाईंना मूल सांभाळायला दादी, नानी, खाला यांपैकी कोणीही नव्हते. परक्या मुलखात परक्या माणसांचा आधार शोधावा लागला. आपल्या मुलींना हे सर्व आपल्या घरातच आहे. अंबाजोगाईला किंवा बीडला शिकायला जाणाऱ्या सुनेचे मूल दिवसातून सहा तास दादीने सांभाळले, परीक्षेच्या महिन्यात नवऱ्याने त्याला झोपविले, तर त्या मुलीला रमाबाईंसारखा विरह सोसावा लागणार नाही. इल्म मिळविणे पुरुषाप्रमाणेच स्त्रीवरही फर्ज आहे, हे आपण जलशांत ऐकतो. ते घरात उतरविण्याची जबाबदारी आपली आहे.

आणि विद्यार्थिनींनो, एक वाट बंद झाली तर दुसरी धरा, कष्टाच्या मोबदल्यात शिका, मदत घ्या पण आपला निर्णय आपल्या हाती ठेवा. माळ्यावर ठेवलेली पुस्तके यंदा खाली काढा. अल्लाह तुम्हांस यश देवो.