लाखाचं बक्षीस लावूनही गांधीजींना हवा तसा चरखा मिळाला नाही!

मूलवरून गडचिरोलीकडे निघालं की वाटेत सावली लागतं. फेब्रुवारी १९३६ च्या शेवटी गांधीजी इथे मुक्कामाला आले होते. गांधी सेवा संघाचं संमेलन होतं. शहर सोडून जंगलाजवळचं हे गाव कशाला? कारण चांदा जिल्ह्यातलं सावली तेव्हा खादीचं केंद्र होतं. इथल्या बाया घरी बसून सूत कातायच्या.

पण गांधीजींना चरखा लहानपणापासून माहीत होता असं वाटत असेल, तर थांबा. १८६९ साली पोरबंदरच्या दिवाणाच्या घराण्यात जन्मलेल्या या बॅरिस्टरनं १९०९ मध्ये 'हिंद स्वराज' लिहिलं, तेव्हा चरखा पाहिलासुद्धा नव्हता. १९१५ ला आफ्रिकेतून परतले, तेव्हाही नाही. आश्रमात माग बसले, पण सूत गिरणीचं! शेवटी गंगाबेन मजुमदार शोधत फिरल्या आणि बडोदा संस्थानातल्या विजापुरात चरखे सापडले. लोकांनी ते अडगळ म्हणून माळ्यावर टाकले होते.

तिथून सुरू झाली खटपट. पुतण्या मगनलाल यांनी आश्रमात चरखा सुधारायला घेतला. यंत्र तसं सोपं. मोठं चाक फिरवलं की दोरीनं जोडलेली चात कितीतरी पट वेगानं फिरते आणि पेळूला पीळ बसून सूत निघतं. अडचण एकच, दिवसभर कातूनही बाईच्या हातात पैसे फार थोडे पडायचे.

म्हणून १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघानं थेट १ लाखाचं बक्षीस जाहीर केलं. तेव्हाचे १ लाख! अटीही तशाच कडक. चरखा झोपडीत मावावा, बाईला फार न दमता सलग ८ तास चालवता यावा, किंमत १५० रुपयांच्या आत, टिकायला २० वर्षं आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. (आजच्या मोबाईल कंपन्यांना ही शेवटची अट घालून बघा.) सगळ्या अटी पुरं करणारं यंत्र आलंच नाही. बक्षीस तसंच राहिलं.

गांधीजी स्वतःही गप्प बसले नव्हते. येरवडा तुरुंगात त्यांनी चरख्यावर प्रयोग केले. त्यातून पुढे आलेला येरवडा चरखा म्हणजे चपट्या पेटीत दोन चाकं. मोठं चाक छोट्याला फिरवतं, छोटं चातीला. पेटी बंद केली की हातात धरून प्रवासाला मोकळे.

सावलीला येण्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी वेगळा हट्ट धरला होता. ८ तास कातणाऱ्या बाईला ८ आणे मिळालेच पाहिजेत, त्यानं खादी महागली तरी चालेल. ग्राहक तुटेल, ही कार्यकर्त्यांची भीती खोटी नव्हती. मजुरी वाढली, पण ८ आण्यांपर्यंत काही पोचली नाही. माझ्या मते चरख्याच्या सगळ्या गोष्टीत हाच भाग सगळ्यात कमी सांगितला जातो.

सावलीहून गेल्यावर दोनेक महिन्यांत ते वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. तेच आजचं सेवाग्राम. तिथे मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरनं धनुष टकळी तयार केली. चाकच नाही! धनुष्यासारखी काठी पुढे-मागे ओढायची की टकळी फिरते. सामान बांबू-लाकडाचं, म्हणजे घरी कुणालाही बनवता येईल असं.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. एकाच वेळी अनेक चात्या फिरवणारा अंबर चरखा तमिळनाडूच्या एकांबरनाथन यांनी बनवला आणि तो १९५० च्या दशकात देशभर पोचला.