रॉबर्ट बन्सन

रॉबर्ट व्हिल्हेल्म एबरहार्ड बन्सन (३० मार्च १८११ – १६ ऑगस्ट १८९९) हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ होते. जगभरातील प्रयोगशाळांत वापरला जाणारा बन्सन ज्वालक (बर्नर) त्यांच्या नावाने ओळखला जातो. भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाव्ह किर्खहोफ यांच्यासह त्यांनी वर्णपटाच्या साहाय्याने पदार्थांचे विश्लेषण करण्याची पद्धत प्रस्थापित केली आणि सीझियम व रुबिडियम या मूलद्रव्यांचा शोध लावला. भट्ट्यांतील वायूंचा त्यांचा आधीचा अभ्यास आणि नंतरचे वर्णपटविषयक संशोधन यांना जोडणारा दुवा म्हणून या ज्वालकाचे महत्त्व आहे.

प्रारंभिक जीवन

बन्सन यांचा जन्म जर्मनीतील गटिंगेन येथे झाला. त्यांचे वडील तेथील विद्यापीठात ग्रंथपाल व आधुनिक भाषांचे प्राध्यापक होते. चार भावंडांत रॉबर्ट सर्वांत धाकटे. गटिंगेन विद्यापीठात फ्रीड्रिख श्ट्रोमायर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर काही काळ त्यांनी युरोपातील प्रयोगशाळा व कारखाने पाहण्यासाठी प्रवास केला. १८३६ मध्ये कासेल, १८३९ मध्ये मारबुर्ग, १८५१ मध्ये ब्रेस्लाउ आणि १८५२ मध्ये हायडेलबर्ग अशा क्रमाने त्यांनी अध्यापन केले. हायडेलबर्ग येथे ते निवृत्तीपर्यंत राहिले.

आर्सेनिकविषयक संशोधन

१८३४ मध्ये जलयुक्त लोह ऑक्साइड हे आर्सेनिकच्या विषबाधेवर उतारा ठरते, हे बन्सन यांनी बर्टोल्ड या वैद्यांच्या सहकार्याने दाखवून दिले. पुढे त्यांनी कॅकोडिल या आर्सेनिकयुक्त सेंद्रिय संयुगांचा अभ्यास हाती घेतला. ही संयुगे अतिशय दुर्गंधीयुक्त, विषारी आणि हवेच्या संपर्कात पेट घेणारी आहेत. एका स्फोटात बन्सन यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि विषबाधेमुळे ते मरणाच्या दारात पोहोचले. बरे झाल्यावर त्यांनी ते संशोधन तडीस नेले; मात्र त्यानंतर सेंद्रिय रसायनशास्त्राकडे ते फारसे वळले नाहीत.

भट्टीतील वायूंचा अभ्यास

लोखंड गाळण्याच्या झोतभट्टीच्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या वायूंचे बन्सन यांनी पृथक्करण केले. जर्मनीतील लोणारी कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांत निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते, असे त्यांना आढळले. इंग्लंडमध्ये लायन प्लेफेअर यांच्यासह केलेल्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ८० टक्के निघाले. वाया जाणाऱ्या वायूंत कार्बन मोनॉक्साइडसारखे ज्वलनशील घटक असल्याने तेच वायू पुन्हा इंधन म्हणून वापरावेत, असे त्यांनी सुचविले. हा अहवाल १८४५ मध्ये सादर झाला. वायूंचे मापन व पृथक्करण करण्याच्या आपल्या पद्धती त्यांनी १८५७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. १८४१ मध्ये त्यांनी प्लॅटिनमच्या महागड्या पत्र्याऐवजी कार्बन वापरून स्वस्त विद्युतघटही तयार केला होता.

ज्वालकाची निर्मिती

हायडेलबर्ग येथील नवी प्रयोगशाळा १८५५ मध्ये पूर्ण झाली. शहरात नुकताच आलेला दगडी कोळशाचा वायू नळाने तेथे पुरविला गेला. त्या काळी वायूची ज्योत प्रकाशासाठी वापरली जाई. ती पिवळी व काजळी धरणारी असे. बन्सन यांना मात्र उष्ण, स्थिर आणि रंगहीन ज्योत हवी होती. लंडनमध्ये वापरला जाणारा एक ज्वालक त्यांचे विद्यार्थी हेन्री रॉस्को यांनी आणून दाखविला. पण त्याची ज्योत फडफडत असे व पुरेशी तापत नसे. बन्सन यांनी नवी कल्पना मांडली आणि विद्यापीठाचे यंत्रकार पेटर डेसागा यांनी ती प्रत्यक्षात उतरविली. वायू व हवा मिसळून जाळण्याचे प्रयत्न मायकेल फॅरडे यांच्यासह इतरांनी पूर्वीच केले होते. त्यामुळे तत्त्व सर्वस्वी नवे नव्हते. ते विश्वासार्ह उपकरणात उतरविण्याचे श्रेय बन्सन आणि डेसागा या दोघांना जाते. बन्सन यांनी या ज्वालकाचे एकस्व (पेटंट) घेतले नाही.

रचना व कार्य

ज्वालकाच्या तळाशी असलेल्या बारीक छिद्रातून वायू वेगाने वर झेपावतो आणि बाजूच्या भोकांतून हवा आपल्याबरोबर ओढून घेतो. उभ्या नळीत दोन्ही मिसळतात व मिश्रण नळीच्या तोंडाशी जळते. पेटण्यापूर्वीच हवा मिसळल्याने काजळी धरत नाही आणि ज्योत निळसर होते. मिश्रणाचा वेग ज्योतीच्या गतीपेक्षा कमी पडला, तर ज्योत नळीत मागे शिरते. वेग फार वाढला, तर ती तोंडापासून उचलली जाऊन विझते. या दोन मर्यादांमध्ये ज्योत स्थिर राखणे, हा ज्वालकाच्या रचनेतील मूळ प्रश्न होय.

आकाराने लहान असलेल्या औद्योगिक ज्वालकांतही हाच प्रश्न सोडवावा लागतो. तेथे एका नळीऐवजी अनेक छिद्रे असतात. प्रत्येक छिद्रापाशी मिश्रणाचा दाब व प्रमाण सारखे नसेल, तर काही भाग अधिक तापतो व काही थंड राहतो. मिश्रणनळीची लांबी कमी केल्यास जागा वाचते, परंतु वायू व हवा नीट मिसळत नाहीत. यावर उपाय म्हणून तोंडाशी जाळी किंवा सच्छिद्र तबकडी बसवितात. मेकर ज्वालकात अशा जाळीमुळे एका मोठ्या शंकूऐवजी अनेक लहान शंकू तयार होऊन ज्योत सर्वत्र सारखी पसरते. घरगुती गॅस शेगडी याच तत्त्वावर चालते. हवेचा मार्ग किंवा छिद्रे तुंबली की ज्योत पिवळी पडते आणि भांड्यांचे बूड काळे होते.

वर्णपटीय विश्लेषण

क्षारांमुळे ज्योतीला येणाऱ्या रंगांवरून मूलद्रव्ये ओळखण्याचा बन्सन यांचा प्रयत्न होता. ज्योत स्वतः रंगहीन असल्याखेरीज हे शक्य नव्हते. नुसत्या डोळ्यांनी रंग पाहण्याऐवजी तो प्रकाश लोलकातून पाहावा, असे किर्खहोफ यांनी सुचविले. १८५९ मध्ये दोघांनी वर्णपटदर्शक तयार केला. प्रत्येक मूलद्रव्याच्या तेजस्वी रेषा ठरावीक जागी दिसतात, हे त्यातून सिद्ध झाले. १८६० मध्ये ड्युर्कहाइम येथील झऱ्याच्या खनिज पाण्यात निळ्या रेषांवरून सीझियम आणि १८६१ मध्ये लेपिडोलाइट या खनिजात गडद तांबड्या रेषांवरून रुबिडियम सापडले. दोन्ही नावे त्या रंगांच्या लॅटिन शब्दांवरून दिली आहेत. एका डोळ्याने अधू असलेल्या संशोधकाने हे कार्य केले. याच पद्धतीने सूर्य व ताऱ्यांतील घटक ओळखण्याचा मार्गही खुला झाला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झान्सेन यांनी गुंटूर येथून वर्णपटदर्शकाद्वारे सूर्याचे निरीक्षण केले होते.

अखेरचा काळ व वारसा

बन्सन यांना १८६० मध्ये रॉयल सोसायटीचे कोपली पदक मिळाले. १८७७ मध्ये त्यांना व किर्खहोफ यांना पहिले डेव्ही पदक संयुक्तपणे देण्यात आले. ते अविवाहित होते. १८८९ मध्ये वयाच्या ७८ व्या वर्षी ते निवृत्त झाले आणि हायडेलबर्ग येथेच त्यांचे निधन झाले.

त्यांचे विद्यार्थी कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये वायुदिव्याचे मँटल शोधले. बन्सन ज्वालकासारख्या निळ्या, उष्ण ज्योतीने ते पांढरे प्रखर उजळते. महाराष्ट्रात वरातींत आणि रात्रीच्या कार्यक्रमांत वापरल्या जाणाऱ्या गॅसबत्तीतील मँटलही याच प्रकारचे असे. प्रकाश न देणारी ज्योत मिळविण्यासाठी बन्सन यांनी केलेला प्रयत्न अशा रीतीने पुढे प्रकाशासाठीच उपयोगी पडला.