वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर, १८८२:सोलापूर – ८ एप्रिल, १९५३:सिद्धपूर, गुजरात) हे भारतातील बांधकाम, जहाजवाहतूक, विमान आणि मोटार उद्योगांचे प्रवर्तक होते. जहाजांमुळे त्यांचे नाव देशभर झाले. मात्र त्यांच्या उद्योगाची उभारणी रेल्वे व सरकारच्या कंत्राटांवर झाली.

सुरुवातीचे जीवन

त्यांचे घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, दिगंबर जैन. सोलापुरात या घराण्याचा सावकारी व कापसाचा व्यापार होता. मुंबई आणि पुणे येथे महाविद्यालयीन शिक्षण घेत असताना ते सोडून वालचंद व्यवसायात आले; परंतु पेढीवर त्यांचे मन रमले नाही.

कंत्राटदारी

रेल्वेत कारकून म्हणून काम केलेले लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी करून वालचंदांनी बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी–तडवळे भागाचे काम मिळवले. ही जोडी निविदा पद्धतीच्या दृष्टीने अनुरूप होती. निविदा भरणाऱ्याला मातीकाम, खडी, पूल अशा प्रत्येक बाबीचा दर आधीच ठरवावा लागतो. दर चढा असल्यास काम हातचे जाते आणि फार उतरता असल्यास ते तोट्यात पूर्ण करावे लागते. शिवाय अनामत भरून, झालेल्या कामाची मोजणी होऊन देयक मिळेपर्यंत मजुरी स्वतःच्या पैशातून चुकवावी लागते. फाटकांना रेल्वेचा कारभार ठाऊक होता, तर वालचंदांच्या मागे घरचे भांडवल होते.

पुढे टाटांबरोबर टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. भोर घाटातील बोगदे, तानसा तलावातून मुंबईकडे येणारी जलवाहिनी आणि सिंधू नदीवरील कालाबाग पूल ही वालचंदांच्या कंपन्यांची गाजलेली कामे होत. हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना १९२६ साली झाली.

त्या काळी भारत सरकारला लागणाऱ्या मालाची मोठी खरेदी लंडनमधील इंडिया ऑफिसमार्फत होई. निविदा तेथेच आणि पौंडांत मागवल्या जात असल्याने देशी उत्पादकाला स्पर्धेत उतरणेही कठीण होते. रुपयांत, भारतातच निविदा मागवाव्यात ही भारतीय व्यापारी वर्गाची जुनी मागणी होती. १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट स्थापन झाल्यावरही हा प्रश्न लगेच सुटला नाही.

जहाजवाहतूक

१९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदींसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल, १९१९ रोजी तिचे 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. ब्रिटिश कंपन्यांनी भाडेदर पाडून तिला जेरीस आणले. निविदेत कमी दर हा काम मिळवण्याचा मार्ग असतो. येथे तो प्रतिस्पर्ध्याला बुडवण्याचे हत्यार ठरला. अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार होऊन सिंदियाच्या व्यवसायावर मर्यादा आल्या. नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर १९२९ मध्ये वालचंद कंपनीचे अध्यक्ष झाले.

इतर उद्योग

रावळगाव व वालचंदनगर येथील साखर कारखाने, बंगळूरची हिंदुस्तान एअरक्राफ्ट (१९४०), विशाखापट्टणमची जहाजगोदी (१९४१) आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स (१९४४) हे त्यांचे अन्य प्रमुख उपक्रम होत. विमान कारखान्याचा ताबा महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, सरकारने घेतला.

'लॉयल्टी'च्या प्रस्थानाचा ५ एप्रिल हा दिवस भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला वालचंदांचे नाव देण्यात आले आहे.