पाच नकार आणि एक झपाटलेला कवी

गेल्या पावसाळ्यात होस्टेलवर आम्ही तिघींनी 'आउटलँडर' बघायला घेतली. दुसऱ्या महायुद्धातली एक नर्स स्कॉटलंडमधल्या उभ्या दगडांना हात लावते आणि थेट १७४३ सालात जाऊन पडते. पण त्याआधी, ती तिच्या काळात असतानाच, एका रात्री तिच्या खिडकीखाली भर पावसात एक माणूस उभा दिसतो. तो दोनशे वर्षांपूर्वीचा. तिच्यासाठी काळ ओलांडून आलेला. आमच्यातली एक त्या सीनला रडली. दुसरी म्हणाली, खिडकीखाली रात्री असा कोणी उभा राहिला तर आपण आधी वॉर्डनला फोन करू. रात्रभर भांडण झालं. मी कुठल्याच बाजूला नव्हते, कारण दोघींचंही पटत होतं.

त्या भांडणातूनच मी विल्यम बटलर येट्सपर्यंत पोचले. इंग्रजीच्या पेपरला नोबेलविजेता आयरिश कवी म्हणून याच्यावर पाच मार्कांची टीप येते. दगड, धुकं, पऱ्या, पुनर्जन्म आणि शतकं उलटली तरी न सुटणारं प्रेम, हा जो केल्टिक मसाला आज कादंबऱ्यांत आणि सिरीजमध्ये दिसतो, तो इंग्रजी वाचकांच्या घरात पोचवणाऱ्यांत येट्सचा नंबर फार वरचा. गंमत अशी, की हा माणूस ते सगळं नुसतं लिहीत नव्हता. तो ते खरं मानत होता आणि जगतही होता. 'झपाटलेला' म्हटलं की आपल्याला तात्या विंचू आठवतो. येट्सला झपाटलं होतं ते एका जिवंत बाईनं, आणि तिचा त्यात काही दोष नव्हता.

येट्सचा जन्म १३ जून १८६५ चा, डब्लिनजवळचा. वडील वकिली सोडून चित्रकार झालेले, त्यामुळे घरात पैशांची कायम ओढाताण. आईचं माहेर स्लायगोचं, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं. लहानपणीच्या सुट्ट्या तिथं गेल्या, आणि तिथल्या मोलकरणी, कोळी, शेतकरी यांच्या तोंडून त्यानं 'शी'च्या गोष्टी ऐकल्या. शी म्हणजे टेकड्यांच्या पोटात राहणारे, म्हातारे न होणारे लोक. ते माणसांच्या प्रेमात पडतात आणि त्यांना उचलून नेतात. या गोष्टी त्यानं १८८८ साली संपादित केल्या आणि १८९३ मध्ये 'द केल्टिक ट्वायलाइट' या पुस्तकात आपल्या शब्दांत सांगितल्या.

जानेवारी १८८९ मध्ये त्याचं पहिलं मोठं काव्य प्रसिद्ध झालं, ओशीन नावाच्या योद्ध्याचं. नीव ही परी त्याला घोड्यावर बसवून चिरतारुण्याच्या देशात नेते. तिथं तीनशे वर्षं जातात आणि त्याला कळतही नाही. घरची आठवण येऊन तो परत येतो, जमिनीला स्पर्श होतो आणि तीनशे वर्षं एकदम अंगावर कोसळतात. तेवीस वर्षांच्या पोराने हे लिहिलं, तेव्हा त्याला एकही गर्लफ्रेंड नव्हती. त्याच महिन्याच्या ३० तारखेला लंडनमधल्या त्यांच्या घरासमोर एक घोडागाडी थांबली आणि तीतून मॉड गॉन उतरली.

मॉडबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण येट्सवरच्या लेखांत ती बहुतेक वेळा नुसती सुंदर असते. उंच होती, देखणी होती, हे खरंच. पण ती इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची मुलगी असून आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी उभी राहिली होती. जमीनदारांनी घराबाहेर काढलेल्या कुळांसाठी ती गावोगाव सभा घेत फिरली. पुढे १९०० मध्ये तिनं आयरिश मुलींची संघटना काढली. तिला बावीसाव्या वर्षीच स्वतःचं आयुष्य होतं आणि त्यातला मोठा भाग येट्सला माहीतच नव्हता. फ्रान्समध्ये ल्यूसिएँ मिलव्हॉय या विवाहित राजकारण्यावर तिचं प्रेम होतं. १८९० मध्ये त्यांना मुलगा झाला.

१८९१ च्या उन्हाळ्यात तिनं येट्सला आपलं एक स्वप्न सांगितलं: मागच्या कुठल्याशा जन्मी ती दोघं अरबी वाळवंटाच्या कडेला राहणारे बहीणभाऊ होते आणि त्यांना गुलाम म्हणून विकलं गेलं होतं. आता बघा, मुलीनं स्वप्नात आपल्याला भाऊ केलं, तर आपल्याकडच्या कुठल्याही मुलाला रक्षाबंधनाचा इशारा बरोब्बर कळला असता. येट्सला त्यात फक्त मागचा जन्म ऐकू आला. त्यानं लगेच लग्नाचं विचारलं. ती नाही म्हणाली. मैत्री मात्र हवी म्हणाली. हा पहिला नकार.

त्याच वर्षी तिचा मुलगा मेंदूज्वरानं गेला. ऑक्टोबरमध्ये ती बोटीनं आयर्लंडला आली, तीही नेमकी त्याच बोटीनं, जिच्यातून आयरिश नेता पार्नेलचा मृतदेह आणला होता. मॉड पूर्ण काळ्या कपड्यांत होती. लोकांना वाटलं, पुढाऱ्यासाठी केवढा हा शोक! धक्क्यावर तिला घ्यायला गेलेल्या येट्सला तिनं सांगितलं की तिनं दत्तक घेतलेलं मूल गेलं. त्यानं विश्वास ठेवला.

मूल पुन्हा जन्माला येऊ शकतं का, हा प्रश्न त्या दिवसांत तिनं येट्सला आणि त्याच्या गूढविद्येतल्या मित्राला विचारला. मित्र म्हणाला, येऊ शकतं, त्याच घरात. दोन वर्षांनी त्या मुलाच्या थडग्याच्या तळघरात ती आणि मिलव्हॉय भेटले, असं तिनं पुढे येट्सला सांगितलं. ऑगस्ट १८९४ मध्ये मुलगी झाली. नाव ठेवलं इसूल्ट, केल्टिक दंतकथेतल्या त्या नायिकेचं, जिनं चुकून प्रेमाचं औषध पिऊन आयुष्य उधळलं. हे वाचताना मला आधी अंगावर काटा आला आणि नंतर वाईट वाटलं. पुनर्जन्म येट्ससाठी प्रेमाची गोष्ट होती, तिच्यासाठी गेलेलं लेकरू परत मिळवायचा रस्ता. एकच श्रद्धा, दोन माणसं, आणि मागणं पूर्ण वेगळं.

येट्सला यातलं काही ठाऊक नसताना तो काय करत होता? मार्च १८९० मध्ये तो 'गोल्डन डॉन' या गुप्त मंडळात शिरला होता. तिथं दीक्षा, परीक्षा, पायऱ्या, सगळं असायचं, आपल्या सेमिस्टरसारखं. मॉडलाही त्यानं त्यात आणलं. तिला ते फार रुचलं नाही, ती बाहेर पडली. १८९५ मध्ये लॉक की या तळ्यातल्या बेटावर त्यानं एक ओसाड गढी पाहिली आणि ठरवलं की इथं केल्टिक देवतांचं मंदिर करायचं. विधी तो आणि मॉड दोघं मिळून रचणार. वह्याच्या वह्या भरल्या. गढी तशीच राहिली. मला हे ओळखीचं वाटतं. आवडत्या माणसासोबत मिळून काढायचं मॅगझिन, मिळून करायची शॉर्टफिल्म, आणि काम कधीच संपू नये हीच त्यातली खरी इच्छा.

डिसेंबर १८९८ मध्ये मॉडनं अखेर सगळं सांगून टाकलं. मिलव्हॉय, गेलेला मुलगा, जिवंत मुलगी. नऊ वर्षं तो एका अशा बाईवर कविता करत होता, जी त्याला माहीतच नव्हती. त्याच दिवसांत दोघांना एकमेकांची स्वप्नं पडली. मॉडच्या स्वप्नात एका दैवी पुरुषानं तिचा हात येट्सच्या हातात दिला. यालाच ती दोघं आध्यात्मिक लग्न म्हणू लागली. खऱ्या लग्नाला मात्र ती तयार नव्हती. १८९९, १९००, १९०१. दरवर्षी विचारणं, दरवर्षी नाही. तिचं म्हणणं असं की हा दुःखी आहे म्हणून चांगलं लिहितो, आणि लग्न न केल्याबद्दल जग पुढे आपले आभार मानेल. हे थोडं निष्ठुर आहे. पण निदान ते स्पष्ट होतं.

फेब्रुवारी १९०३ मध्ये तिनं पॅरिसमध्ये मेजर जॉन मॅकब्राइडशी लग्न केलं. हा माणूस दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांच्या बाजूनं ब्रिटिशांविरुद्ध लढलेला, मर्दानी, देशभक्त. येट्स हादरला. लग्न दोन वर्षंही टिकलं नाही. १९०५ मध्ये दारूच्या आणि छळाच्या तक्रारी घेऊन ती कोर्टात गेली. पदरात शॉन नावाचा तान्हा मुलगा. येट्सनं या काळात तिला मनापासून मदत केली, ते त्याच्या जमेला धरायलाच हवं.

एरवी येट्स रडत बसलेला नव्हता, हेही खरं. १९०४ मध्ये डब्लिनला ॲबी थिएटर उभं राहिलं त्यात त्याचा मोठा वाटा. लंडनमध्ये टागोरांची 'गीतांजली' इंग्रजीतून वाचून भारावला आणि १९१२ च्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. पण विषय फिरून तिथंच यायचा. त्यानं एतीनची जुनी आयरिश गोष्ट घेऊन काव्य लिहिलं. या कथेत शी लोकांचा राजा मिदिर याची बायको शापानं हरवते आणि हजार वर्षांनी माणसाच्या पोटी पुन्हा जन्मते. तिला मागचं काही आठवत नाही. ती आता दुसऱ्याची राणी आहे. मिदिर येऊन म्हणतो, तू माझी आहेस. मूळ कथेत तो शेवटी तिला घेऊन जातो. येट्सच्या काव्यात ती नाही म्हणते आणि आपल्या माणसाकडे परतते. कवितेत त्याला समजत होतं, असं दिसतं.

१९१६ च्या ईस्टरला डब्लिनमध्ये उठाव झाला. मॅकब्राइडला ब्रिटिशांनी ५ मे रोजी गोळ्या घातल्या. त्या उन्हाळ्यात नॉर्मंडीत जाऊन ५१ वर्षांच्या येट्सनं मॉडला पुन्हा विचारलं. पाचवा नकार. आणि मग तो जे करतो त्याला कुठलाही साहित्यिक खुलासा पुरत नाही: त्यानं इसूल्टला विचारलं. ती तेव्हा बावीस-तेवीसची, म्हणजे माझ्या वयाची. तिला तो लहानपणापासून ओळखत होता. १९१७ च्या उन्हाळ्यात तिनंही शेवटचं नाही म्हटलं. आपल्याकडे वटपौर्णिमेला सात जन्म तोच नवरा मागतात म्हणून आपण हसतो. इथं एक माणूस याच जन्मात आईचा चेहरा लेकीत शोधत होता.

आणि त्याच वर्षी त्यानं 'द ड्रीमिंग ऑफ द बोन्स' हे छोटं नाटक लिहिलं. माझ्या मते आमच्या होस्टेलच्या भांडणाला यात उत्तर आहे. उठावातून पळालेला एक तरुण रात्री डोंगरात लपायला जातो. वाटेत एक पुरुष आणि एक मुलगी भेटतात. ती भुतं आहेत, डिअरमिड आणि डर्व्होर्गिला. आपल्या प्रेमापायी त्यांनी सातशे वर्षांपूर्वी परकं सैन्य आयर्लंडमध्ये आणलं. तेव्हापासून दोघं शेजारी शेजारी चालतात, पण ओठ जवळ आले की पाप आडवं येतं. आयर्लंडच्या एका तरी माणसानं माफ केलं तर सुटका. तरुण हेलावतो, पण माफ करत नाही.

येट्सनं हे जपानी नो नाटकांवरून उचललं. 'निशिकिगी' या नो नाटकातही अशीच भुतं आहेत. तिथला प्रियकर तीन वर्षं मुलीच्या दारात रंगवलेल्या काठ्या ठेवत राहतो आणि ती दार उघडत नाही. मेल्यावर मात्र एका भिक्षूच्या प्रार्थनेनं दोघं एक होतात. जपान्यांनी आपल्या भुतांना सोडवलं. येट्सनं सोडवलं नाही. शतकानुशतकं टिकलेलं प्रेम त्यानं इथं बक्षीस म्हणून दाखवलं नाही. ती शिक्षा आहे. हे लिहिणारा माणूस दिवसा मात्र एका तरुण मुलीच्या होकाराची वाट बघत होता.

२० ऑक्टोबर १९१७ ला त्यानं जॉर्जी हाइड-लीजशी लग्न केलं. ती पंचवीसची, तो बावन्नचा. हनिमूनला हा माणूस इसूल्टच्या विचारानं आजारी. आपण तिघींचा घात केला असं त्याला वाटत होतं. जॉर्जीला सगळं दिसत होतं. ती निघून जायच्या विचारात होती. चौथ्या दिवशी तिनं पेन हातात धरलं आणि आपोआप लिखाण सुरू झालं. कोणी अज्ञात आत्मे तिच्या हातून सांगू लागले की काळजी नको, जे केलंस ते बरोबर केलंस. सुरुवात आपण मुद्दाम केली, मग हात खरंच कोणीतरी धरल्यासारखा चालायला लागला, असं तिनं पुढे सांगितलं. खरं काय ते तिलाच माहीत. येट्सचं आजारपण पळालं. पुढच्या काही वर्षांत साडेतीन हजारांहून जास्त पानं लिहिली गेली. त्यातून १९२५ मध्ये 'अ व्हिजन' हे त्याचं विचित्र पुस्तक आलं. मॉडनं स्वप्न सांगितलं होतं, जॉर्जीनं तासन्‌तास बसून लिहिलं. प्रेमकविता मात्र बहुतेक मॉडवरच आहेत. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त कोणाला भेटावंसं वाटत असेल, तर जॉर्जीला.

मग दोन मुलं, जुना दगडी बुरुज विकत घेऊन त्यात काढलेले उन्हाळे, १९२२ मध्ये सिनेटर, १९२३ मध्ये नोबेल. राजकारणात मॉड विरुद्ध बाजूला. त्यावरून बोलणंही बंद झालं. म्हातारपणी पुनर्जन्माचा शोध त्याला आपल्याकडे घेऊन आला. विदर्भातल्या बडनेऱ्याचे पुरोहित स्वामी लंडनमध्ये भेटले. १९३५-३६ च्या हिवाळ्यात मयॉर्का बेटावर बसून दोघांनी उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलं. ते १९३७ मध्ये आलं. बडनेऱ्याला गाडी बदलताना हे आता आठवणार.

२८ जानेवारी १९३९ ला दक्षिण फ्रान्समध्ये येट्स गेला. तिथंच दफन झालं. मग महायुद्ध आलं. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये आयरिश नौदलाचं जहाज त्याचे अवशेष मायदेशी घेऊन आलं आणि स्लायगोजवळ ड्रमक्लिफला पुरलं. दरम्यान फ्रान्समधली ती कबर उकरून हाडं सामायिक ढिगात टाकली गेली होती, त्यामुळे ड्रमक्लिफला नेमका कोण झोपलाय याचा वाद अजून आहे. अवशेष आणायचं काम होतं आयर्लंडच्या परराष्ट्र मंत्र्याकडे. त्या मंत्र्याचं नाव शॉन मॅकब्राइड. मॉडचा मुलगा. मॉड तेव्हा ८१ वर्षांची होती आणि डब्लिनलाच राहत होती.